विजेची जुनी मोटार आणि तिच्या बॅटरीची हमी

गाय विकत घेतांना ती कितव्या वेताची आहे हें विचारल्यावांचून आमच्याकडील कोणताहि शहाणा गृहस्थ पैसे मोजीत नाहीं. घर घेतांना विहिरीला वैशाखांत पाणी असतें कीं नाहीं, याची तो शेजाऱ्यांपाशीं चौकशी करतो. परंतु हाच गृहस्थ विजेवर चालणारी जुनी मोटार घेऊं लागला म्हणजे रंग पाहतो, बैठकी पाहतो, चाकें पाहतो. आणि जिच्यावर त्या गाडीचें सारें जीवित अवलंबून, त्या बॅटरीविषयीं मात्र विक्रेत्याच्या एका वाक्यावर संतुष्ट होतो. ‘‘काळजी करूं नका, बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे,’’ हें तें वाक्य होय. हें वाक्य खोटें नसतें. परंतु तें पुरतेंहि नसतें. त्याचा जो भाग विक्रेता बोलून दाखवीत नाहीं, त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हांस २०२५ च्या उन्हाळ्यांत हिंगोलीस घडलेल्या एका प्रसंगावरून वाटूं लागलें.

हिंगोलीस आमचे एक आप्त राहतात. कुटुंब एकत्र, तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच वाड्यांत. वडील बंधु निवृत्त शिक्षक असून त्यांस सारें घर ‘काका’ म्हणतें. काकूंच्या डोळ्यांच्या पडद्यास मधुमेहामुळें विकार जडला असल्यानें त्यांस दर महिन्यास नांदेडला नेऊन डोळ्यांत इंजेक्शन द्यावें लागतें. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा व अर्धापूर या मार्गानें तें अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर भरतें. जातां-येतां पेट्रोलचा खर्च सोसेना, म्हणून २०२४ सालीं पुतण्यानें पुण्याहून एक जुनी विजेची मोटार आणली. तिची प्रथम नोंदणी २०२१ ची. पहिलें वर्ष तिनें घरच्या माणसाप्रमाणें सेवा केली. रात्रीं अंगणांत वीज भरावी, सकाळीं नांदेडला जावें, तेथें काकूंना दवाखान्यांत सोडून गाडीला पुन्हां थोडी वीज द्यावी व तिन्हीसांजेच्या आंत घरीं यावें, असा क्रम बसून गेला होता.

वैशाखांत एके दिवशीं परत येतांना वारंगा फाट्यापाशीं पडद्यावर चौतीस टक्के वीज दिसत होती. चार-पांच किलोमीटर जातात न जातात तोंच तो आंकडा एकदम नवावर आला, गाडीचा वेग आपोआप उतरला, आणि आखाडा बाळापूरच्या अलीकडे ती रस्त्याच्या कडेस उभी राहिली. वर ऊन मी म्हणत होतें. काकूंच्या एका डोळ्यास पट्टी. एका कडुनिंबाखालीं त्या तासभर बसून राहिल्या. शेवटीं हिंगोलीच्या बाजारांत हळद उतरवून नांदेडकडे परतणाऱ्या एका टेंपोवाल्यानें आपली गाडी वळवून त्यांस घरीं पोंचविलें. त्या अनोळखी भल्या माणसाचें नांव विचारावयाचें सुद्धां त्या गडबडींत राहून गेलें.

मोटार दुसऱ्या दिवशीं मालमोटारीवर घालून सर्व्हिस सेंटरला नेली. तेथें यंत्र लावून तपासल्यावर बॅटरीचा एक भाग निकामी झाल्याचें निष्पन्न झालें, व हमीखालीं बॅटरी बदलून देण्याचें कंपनीनें मान्यहि केलें. येथवर सर्व ठीक. परंतु कंपनीच्या दप्तरीं गाडी अद्याप पहिल्या मालकाच्याच नांवें होती. आर.सी. पुस्तक पुतण्याच्या नांवें झालें होतें खरें. पण कंपनीला तसें कळवावयाचें असतें, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. मधली एक ठरलेली तपासणीहि चुकली होती. कागदपत्रांची जुळवाजुळव होण्यांत दोन आठवडे गेले. नवी बॅटरी येऊन बसण्यास आणखी पांच. या सात आठवड्यांत काकूंचें एक इंजेक्शन एस.टी.नें जाऊन झालें. दुसरें अकरा दिवस लांबलें. काका बॅटरीच्या चौकशीसाठीं रोज फोन करीत, तेव्हां काकू एकदां शांतपणें म्हणाल्या, ‘‘बॅटरी काय, आज ना उद्यां बदलून मिळेल हो, डोळा कोण बदलून देणार आहे?’’

अखेर गाडी आली. काकूंनीं तिला हळदकुंकू वाहिलें, मुलांनीं पेढे वांटले. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्या कंपनीचें पत्र मोठ्यानें वाचूं लागला. ‘आतां पुन्हां आठ वर्षें निश्चिंति’ असें सारें घर समजून बसलें होतें. पत्रांत होतें तें निराळेंच. बदललेल्या बॅटरीस मूळ हमीची जी मुदत शिल्लक असेल तीच लागू राहील. म्हणजे २०२१ पासून आठ वर्षें, २०२९ पर्यंत. काका चष्मा काढून क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे देह नवा, पण आयुष्य जुनेंच!’’

काकांच्या या एका उद्गारांत या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. विजेची जुनी मोटार घेणारा मनुष्य एक वस्तु घेत नसतो, दोन घेत असतो. पहिली, डोळ्यांना दिसणारी गाडी. दुसरी, कागदावर लिहिलेल्या वचनाचा उरलेला भाग. पहिलीची किंमत सर्वांना करतां येते. दुसरीची किंमत करणें ज्यास साधलें नाहीं, तो स्वस्तांत घेऊनहि महागांत पडण्याचा संभव असतो. कारण या गाडींत बॅटरीएवढा महाग असा दुसरा एकहि भाग नाहीं.

हें वचन मोजलें कसें जातें तें प्रथम पाहूं. आपल्याकडे विजेच्या मोटारी घरोघर माहीत झाल्या त्या टाटांच्या नेक्सॉन गाडीमुळें. ती जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली. तिच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावे. एका भरणींत ३१२ किलोमीटर हा कागदावरील आंकडा होता, रस्त्यावरचा त्याहून बराच कमी. बॅटरीची हमी होती आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें. या ‘आधीं’ शब्दावर बोट ठेवून पुढें जावें. वर्षें मोजावयाचीं तीं तुम्हीं गाडी घेतल्यापासून नव्हेत, तर ती प्रथम रस्त्यावर आल्यापासून. म्हणजे २०२० च्या आरंभीं विकल्या गेलेल्या गाड्यांच्या हमीची मुदत २०२८ सालीं संपावयास लागते. ती गाडी आज कोणी घेतली, तर आठ वर्षांच्या वचनापैकीं त्याच्या वांट्यास केवळ शेवटचा तुकडा येतो. तीच गाडी पुण्यांत भाड्यानें फिरलेली असेल, तर वर्षें शिल्लक राहून किलोमीटरच आधीं संपलेले असण्याचा संभव. म्हणून जुन्या गाडीचें वय विचारूं नये; तिच्या हमीचें उरलेलें वय विचारावें.

आतां बॅटरी बिघडली म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण हमीचे सारे वाद येथेंच उत्पन्न होतात. बॅटरी ही एक अखंड वस्तु नव्हे. लहान लहान अनेक घट, ज्यांस कारागीर सेल म्हणतात, ते एकापुढें एक जोडून तिची माळ केलेली असते. तिला व्याधि जडतात त्या दोन प्रकारच्या. पहिली वार्धक्याची. वापरानें व काळानें प्रत्येक सेलची वीज सांठविण्याची शक्ति थोडी थोडी कमी होते; नवेपणीं जी गाडी दोनशें किलोमीटर जाई, ती कांहीं वर्षांनीं एकशें सत्तर जाऊं लागते. हा दोष नव्हे, हा धर्म होय. दुसरी व्याधि अकस्मात् येणारी. माळेंतील एखादा सेल इतरांहून फार आधीं दुबळा होतो. बैलजोडींतील एक बैल थकला म्हणजे दुसऱ्याच्या अंगांत कितीहि बळ असो, गाडी थकलेल्याच्याच चालीनें चालते. तसाच येथें प्रकार होतो. इतर सेलांत वीज शिल्लक असतांहि दुबळ्या सेलच्या रक्षणासाठीं गाडीची नियामक यंत्रणा सर्वच व्यवहार आंखडता घेते, आणि पडद्यावरचा आंकडा चौतिसावरून नवावर येतो. काकूंची गाडी थांबली ती या दुसऱ्या व्याधीनें.

दुसऱ्या व्याधींत हमी मिळविणें तुलनेनें सोपें, कारण यंत्र दोष दाखवितें. पहिलींत मात्र ‘म्हातारपण किती झालें म्हणजे रोग म्हणावा’ हा प्रश्न येतो. जगांतील बहुतेक कारखानदारांनीं ही रेषा मूळ शक्तीच्या सत्तर टक्क्यांवर ओढली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें २०२२ सालीं जो जागतिक तांत्रिक नियम ठरला, त्यांतहि पांच वर्षें वा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के व आठ वर्षें वा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के शक्ति राहिली पाहिजे, असें किमान मान घातलेलें आहे. आपल्याकडील कांहीं हमीपत्रांत ही टक्केवारी स्पष्ट छापलेली असते, कांहींत केवळ ‘निर्मितीचा दोष’ एवढाच शब्द असतो. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्या प्रकारांत बॅटरी एकोणसत्तरावर आली तर तुम्हीं हक्कानें मागूं शकतां. दुसऱ्या प्रकारांत ‘हें नैसर्गिक आहे’ हें उत्तर ऐकावें लागण्याची भीति. हमीपत्राचें मुखपृष्ठ विक्रीसाठीं असतें; आपण वाचावयाचें तें आंतलें, बारीक अक्षराचें.

या वार्धक्यास आमच्या मराठवाड्यांत एक विशेष कारण घडतें, तें म्हणजे ऊन. उष्णतेनें सेलमधील नको त्या रासायनिक क्रिया वेगानें होतात व शक्तीचा क्षय लवकर होतो. हिंगोलींत उन्हाळ्यांत पारा बेचाळीस अंशांच्या वर जाणें हें कोणास नवलाचें वाटत नाहीं. अशा उन्हांत काय होऊं शकतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील ॲरिझोना या वाळवंटी प्रांतानें घालून दिलें आहे. निस्सान कंपनीची लीफ नांवाची गाडी तेथें २०११ च्या सुमारास विकली जाऊं लागली. तिच्या बॅटरीस थंड ठेवण्याची वेगळी योजना नव्हती. दोनच उन्हाळे गेले, आणि फीनिक्स शहरांतील मालकांच्या ध्यानांत आलें कीं, पडद्यावरील बारा रेघांपैकीं दोन-तीन रेघा कायमच्या नाहींशा झाल्या आहेत. त्यांनीं आपापले आंकडे टिपून ठेवले, एकमेकांशीं ताडून पाहिले व २०१२ सालीं कंपनीपुढें मांडले. त्यापूर्वीं हमी होती ती निर्मितीच्या दोषासाठीं. शक्तीच्या क्षयासाठीं नव्हती. मालकांच्या या नेटामुळें कंपनीनें पांच वर्षें वा साठ हजार मैलांच्या आंत बारांपैकीं नऊहून कमी रेघा राहिल्या तर बॅटरी दुरुस्त करून वा बदलून देण्याचें मान्य केलें, व तें पूर्वीं विकलेल्या गाड्यांसहि लागू केलें. हा न्याय त्या मालकांस रागावून मिळाला नाहीं, मोजून मिळाला. ज्यांनीं आंकडे लिहून ठेवले त्यांच्याच हातीं पुरावा होता, हें आम्हांस विशेष सांगावयाचें आहे.

‘देह नवा, आयुष्य जुनें’ हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे, हेंहि येथें सांगणें इष्ट आहे. अमेरिकेंतच जनरल मोटर्स कंपनीच्या बोल्ट गाड्यांच्या बॅटऱ्यांत आग लागण्याजोगा दोष आढळून आला, आणि २०२१ सालीं सुमारें १,४२,००० गाड्या परत बोलावण्यांत आल्या. त्यांपैकीं ज्यांना नव्या बॅटऱ्या बसविल्या, त्यांच्या बॅटरीस बदलल्या दिवसापासून पुन्हां आठ वर्षें वा एक लाख मैल अशी ताजी हमी देण्यांत आली. त्यामुळें जुन्या गाड्यांच्या बाजारांत चाणाक्ष गिऱ्हाईक अशा गाड्या मुद्दाम शोधूं लागलें. म्हणजे बदललेल्या बॅटरीस जुनें आयुष्य द्यावें कीं नवें, हें रसायनशास्त्र ठरवीत नाहीं, करारपत्र ठरवितें. आपल्याकडे बहुतेक हमीपत्रांत शिल्लक मुदतच पुढें चालते. म्हणून ‘या गाडीची बॅटरी नुकतीच नवी बसविली आहे’ असें विक्रेता सांगूं लागला, तर आनंद अवश्य मानावा, परंतु ‘तिची हमी कोणत्या तारखेपर्यंत?’ हा प्रश्न कागद हातांत घेऊनच विचारावा.

आतां आमच्या वाचकांच्या घरांशीं ज्याचा अगदीं निकटचा संबंध आहे, अशा एका गोष्टीकडे वळूं. नोव्हेंबर २०२४ मध्यें महिंद्र कंपनीनें चाकण येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या दोन नव्या गाड्या पुढें आणल्या, व त्यांच्या बॅटरीस ‘यावज्जीव’ हमी जाहीर केली. २०२५ सालीं टाटांनींहि आपल्या कांहीं गाड्यांस तशीच हमी दिली. तेथें ‘यावज्जीव’ याचा अर्थ प्रथम नोंदणीपासून पंधरा वर्षें असा आहे. ऐकणारास वाटतें, आतां प्रश्नच मिटला. परंतु यावज्जीव म्हणजे कोणाचा जीव? गाडीचा कीं मालकाचा? हमीपत्र उघडून पाहिलें तर उत्तर मिळतें कीं, हें वचन पहिल्या खाजगी मालकापुरतेंच आहे. महिंद्रांच्या हमींत गाडी दुसऱ्याच्या नांवें झाली कीं ‘यावज्जीव’ जाऊन तिच्या जागीं पहिल्या दिवसापासून मोजलेलीं दहा वर्षें वा दोन लाख किलोमीटर येतात. दहा वर्षें हीहि कांहीं थोडी मुदत नव्हे, आणि अशी हमी देणाऱ्यांचें आम्ही कौतुकच करतों. परंतु जुन्या गाडीचा विक्रेता जेव्हां ‘यावज्जीव हमीची गाडी’ असें म्हणतो, तेव्हां तो जी वस्तु विकत असतो ती विक्रीच्या क्षणींच नाहींशी होणारी असते, हें विसरतां कामा नये.

एकत्र कुटुंबांत याचा परिणाम आणखी एका दिशेनें होतो, व तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आमच्या घरांतून गाडी वडिलांच्या नांवें घेण्याची रीत आहे. पुढें वडील थकले म्हणजे ती मुलाच्या किंवा पुतण्याच्या नांवें करतात. पैशाची देवघेव नसते, गाडी अंगणांतून हलतहि नाहीं. घराच्या दृष्टीनें कांहींच बदललें नाहीं. परंतु कागदाच्या दृष्टीनें मालक बदलला, आणि अटींच्या अक्षराप्रमाणें पाहिलें तर पहिल्या मालकाचें वचन तेथें संपण्याचा संभव आहे. मालकाच्या निधनानंतर वारसानें नमुना ३१ भरून तीन महिन्यांच्या आंत गाडी आपल्या नांवें करावी लागते, तेव्हांहि हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून यावज्जीव हमीची गाडी घेणाऱ्या कुटुंबानें दोन गोष्टी कराव्या. गाडी ज्यानें पुढें दीर्घकाळ वापरावयाची त्याच्याच नांवें पहिल्यापासून घ्यावी. मानासाठीं वडिलांच्या हातून नारळ फोडावा, सही मात्र मुलाची असावी. आणि वारसाच्या बाबतींत हमीचें काय होईल, हें घेतेवेळींच कंपनीकडून लेखी विचारून ठेवावें.

जुनी गाडी घेतांना पाळावयाचे नियम आम्ही काकांच्या घरीं बसून त्यांच्याच अनुभवावरून टिपून घेतले, ते येथें देतों. पैसे देण्यापूर्वीं गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीच्या आरोग्याचा लेखी दाखला घ्यावा. विक्रेता यास तयार नसेल तर तेंच उत्तर समजावें. गाडी पूर्ण भरून घेऊन वीस टक्के उरेपर्यंत स्वतः चालवावी, व दर दहा टक्क्यांस किती अंतर कापलें तें वहींत लिहावें. आंकडा सावकाश उतरला तर ठीक, एकदम कोसळला तर तेथेंच नमस्कार करावा. ठरलेल्या तपासण्यांची नोंद पाहावी, कारण त्या चुकविल्या असल्यास हमींत अडथळा येतो. गाडी पुरांत बुडालेली किंवा भाड्यानें फिरलेली नाहीं ना, याची विम्याच्या व नोंदणीच्या कागदांवरून खात्री करावी. भाड्याच्या गाड्यांस हमीच्या अटी निराळ्या असूं शकतात. रस्त्यांत गाडी बंद पडली तर ती उचलून नेण्याचा खर्च कोणाकडे, हेंहि विचारावें. जेथून सर्व्हिस सेंटर शें-शंभर किलोमीटर दूर, तेथें हा प्रश्न लहान नव्हे.

व्यवहार झाल्यावर विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने असतात. गाडीवर एम्.एच्. १२ असो वा हिंगोलीचा एम्.एच्. ३८ असो, कायदा एकच. परंतु सरकारदप्तरीं नांव लागलें म्हणजे कंपनीच्या दप्तरींहि लागलें, असें समजूं नये. आर.सी. पुस्तकाची प्रत घेऊन सर्व्हिस सेंटरला जावें व हमी आपल्या नांवें वर्ग झाल्याची पावती आणावी. काकांच्या घरचे जे दोन आठवडे गेले ते या एका पावतीच्या अभावीं गेले.

गाडी घरीं आल्यावर तिचें रक्षण मुख्यतः सावलीनेंच होतें. उन्हांतून आलेल्या गाडीस लगेच वीज भरूं नये. रात्रीं थंडाव्यांत भरावी. रोजच्या कामास ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणें पुरतें. मात्र कांहीं जातींच्या बॅटऱ्यांना मधून मधून पूर्ण भरणें अवश्य असतें, तें पुस्तिकेंत पाहावें. बिघाड झाला तर ओळखीच्या मिस्त्रीकडून बॅटरी उघडवून पाहण्याचा मोह कोणीहि धरूं नये. तिच्यांत तीनशेंहून अधिक व्होल्टांचा दाब असतो. जिवाला धोका तर आहेच, आणि एकदां कुलूप फुटलें कीं हमीहि गेली. बदललेली जुनी बॅटरी कंपनीच परत नेते, व तें योग्यच आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर ठेवण्यांत आली आहे.

इतकें करूनहि कोणी हक्काची हमी नाकारली तर काय? खेड्यापाड्यांतील मनुष्य येथें हातपाय गाळतो. पुण्यामुंबईच्या कंपनीशीं हिंगोलीच्या माणसानें कसें भांडावें, असें त्यास वाटतें. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार जेथें राहतो वा काम करतो, त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें त्यास तक्रार मांडतां येते. कंपनीचें कार्यालय कोठेंहि असो. पन्नास लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या किंमतीचे तंटे जिल्हा आयोगापुढें चालतात, पांच लाखांपर्यंत फी लागत नाहीं, व वकील देणेंहि सक्तीचें नाहीं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार केली पाहिजे. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतकेंद्राशीं बोलून पाहावें. पुष्कळ गोष्टी तेथेंच मिटतात. मात्र आयोगापुढेंहि तोंडची हकीकत टिकत नाहीं, कागद टिकतो. फीनिक्सच्या मालकांची वही येथेंहि उपयोगी पडावयाची.

या मोटारी वाईट आहेत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. धूर नाहीं, आवाज नाहीं, खर्च थोडा. मोठ्या घराच्या नित्य कामास त्या उत्तम आहेत, आणि जुनी गाडी घेतल्यानें मध्यम स्थितींतल्या कुटुंबास त्यांचा लाभ लवकर मिळतो. २०२८ पासून पहिल्या पिढीच्या गाड्या हमीबाहेर पडूं लागतील, तेव्हां बाजारांत त्या फार स्वस्त दिसतील. त्यांपैकीं पुष्कळ पुढेंहि नीट चालतील. हमी संपली म्हणजे बॅटरी संपली असें नव्हे. फक्त त्या दिवसापासून जोखीम कंपनीच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर आली, एवढें समजून किंमत करावी.

हिंगोलीकरांस तर मोजण्याचा कंटाळा मुळींच शोभणार नाहीं. औंढ्याच्या नागनाथाजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारावयाची असून तिच्या खर्चास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. अणूच्या गाभ्यांतील कणाहूनहि कितीतरी पटींनीं सूक्ष्म असा फरक तेथें मोजावयाचा आहे. ज्या जिल्ह्यांत एवढें मोजावयाचें, तेथील गृहस्थानें आपल्या अंगणांतल्या बॅटरीचे टक्के महिन्यास एकदां वहींत मांडावे, यांत अवघड तें काय?

काकांनीं ती वही आतां घातली आहे. देवघराशेजारच्या कोनाड्यांत, पंचांगाखालीं ती ठेवलेली असते. डाव्या पानावर गाडीचे किलोमीटर, टक्के व हमी संपण्याची तारीख. उजव्या पानावर काकूंच्या इंजेक्शनांच्या तारखा. आणि त्या उजव्या पानाच्या तळाशीं नांदेडला सकाळीं जाणाऱ्या एस.टी.ची वेळ त्यांनीं तांबड्या शाईनें लिहून ठेवली आहे. गाडीची हमी कितीहि भक्कम असली तरी ती गाडीचीच असते. डोळ्यांची वेळ चुकूं न देण्याची हमी घरानेंच घ्यावयाची, हें त्या तांबड्या शाईंत आम्हांस वाचावयास मिळालें.